बिनफोडणीचं घर

माझे सासरे गावात आमटीसाठी ओळखले जायचे. मी त्यांना मामा म्हणायची. तसे ते शेतकरी. सेलूहून जीपनं यायचं आमचं गाव, काळी जमीन, कापूस आणि तूर. आचारी म्हणून ते कुणाकडं कामाला गेले नाहीत, पण गावात लग्न असो की भंडारा, चुलाणावरच्या डेगीचा जिम्मा त्यांचाच असायचा. डोक्याला टॉवेल गुंडाळून ते जाळापाशी उभे राहायचे, आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटायचे आणि म्हणायचे, "बसू द्या पंगत." येसराची आमटी तर त्यांनीच करावी. येसर म्हणजे ज्वारी, गहू, डाळ खमंग भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नघरात ते आधीच करून ठेवतात. मामांच्या हातचं येसर असलं की माणसं भात बाजूला सारून आमटीच प्यायची.

घरात मात्र ते चुलीकडं फिरकत नसत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर ते माझ्याशी थेट बोलले नसतील. ते ओसरीत आले की मी डोक्यावरचा पदर सारखा करून आत सरकायची. जेवण आवडलं तर ते सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना सांगायचे, "पोरीच्या हाताला चव हाय." आत्याबाई ते मला येऊन सांगायच्या. आम्हा दोघांचं बोलणं एवढंच.

त्यांची बिमारी आम्हाला आधी ताटातच दिसली. मामांनी ठेचा घेणं सोडलं. मग वांग्याची भाजी नको म्हणाले, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता आणि त्याच्यातून कधीमधी रक्त यायचं. तंबाखूचा बार गालात धरायची त्यांची तरणेपणापासूनची सवय. परभणीच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, बॅटरी बंद केली आणि म्हणाले, "यांना उद्याच्या उद्या संभाजीनगरला घेऊन जा." आमच्या घरात त्या रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. 'ती बिमारी' एवढंच म्हणायचो.

ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा गेला. पुढं कित्येक आठवडे मशीनवरचा शेक, रेडिएशन, चालला. आत्याबाई आणि माझे पती तिकडंच धर्मशाळेत राहत होते. मी गुरं आणि खुरपणीच्या बाया सांभाळत घरी होते. नागपंचमी झाल्यावर मामांना घरी आणलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला मी दारात उभी होते. गाडीतून उतरलेल्या माणसाचा चेहरा एका बाजूनं आत ओढला गेला होता, गळ्याची कातडी जाळावर धरल्यासारखी काळी पडली होती आणि नाकातून एक नळी निघून कपाळावर पट्टीनं चिकटवलेली होती. मी खाली पाहत तुकडा ओवाळला. आजवर लाज म्हणून मान खाली घालायची, त्या दिवशी भीतीनं घातली. दोन्हीतला फरक त्यांना कळला असणार.

नळीतून भरवायचं काम माझ्याकडं आलं. आत्याबाईंचे हात थरथरायचे, आणि ह्यांना बापाच्या तोंडाकडं पाहणंच जमत नव्हतं. लहानपणी मामांची तंबाखूची पुडी दुकानातून आणायचं काम ह्यांचं असायचं. मला ते एकदाच बोलून दाखवलं आणि नंतर विषय काढू दिला नाही. मग राहिले मी. तांदळाची पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं पातळ कपड्यातून दोनदा गाळायचं, कोमट करायचं आणि मोठ्या सिरिंजनं हळूहळू आत सोडायचं. ज्या माणसासमोर मी कधी उभी राहिले नव्हते, त्याच्या नाकापाशी माझा हात असायचा. ते डोळे मिटून घ्यायचे. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मिटत असतील, असं मी धरून चालले होते.

आवाज त्यांचा शिल्लक होता, पण शब्द फुटायचे नाहीत. सगळं एकमेकांत मिसळून यायचं. ते फक्त आत्याबाईंना कळायचं.

घरातली फोडणी कधी बंद झाली ते मला नेमकं सांगता येत नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा मी लसूण तेलात टाकला तेव्हा मामा ओसरीत बाजेवर होते. वास गेला तशी त्यांनी मान वळवून आत पाहिलं आणि मग टॉवेलानं तोंड पुसत राहिले. तोंडाला पाणी सुटलेलं, आणि ते गिळताही येत नाही. आत्याबाईंनी कढई खाली उतरवली. त्यानंतर आमच्या घरात डाळ नुसती शिजायची, भाजी उकडलेली. आत्याबाई गोठ्यामागं जाऊन कोरडी भाकर कांद्याबरोबर खाऊन यायच्या. हे तर घरी जेवायचेच नाहीत. "सेलूला गेलतो, भूक न्हाई," म्हणायचे. रात्री जवळ आले की बोटांना हॉटेलातल्या रश्श्याचा वास यायचा. मी विचारलं नाही. विचारून त्यांना आणखी खाली कशाला बघायला लावायचं?

अशात मला दिवस गेले.

सुरुवातीला पेज गाळतानाच मळमळायचं. नळीच्या टोकाला सुकलेल्या दुधाचा आंबूस वास यायचा. मामांना भरवताना मी श्वास रोखून धरायची, काम झालं की मोरीकडं पळायची. एकदा अर्ध्यातच उठावं लागलं. परत आले तर त्यांनी सिरिंज स्वतःच्या हातात धरून ठेवली होती, सांडू नये म्हणून. त्यांनी हातानं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "काही न्हाई मामा, पित्त झालंय." बातमी आत्याबाईंनी सांगितली तेव्हा ते हसले. हसताना लाळ गळाली, ती त्यांनी घाईघाईनं पुसली.

मळमळ गेली आणि भूक लागली. ती भूक मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. तिखट, आंबट, तळलेलं काहीही. शेजारच्या घरात मिरच्या भाजायला लागल्या की मी अंगणात उभी राहून नुसता वास घ्यायची. ओसरीत एका माणसाला घोटभर पाणी गिळता येत नाही आणि माझ्या मनात दिवसभर भजी, कैरीचं लोणचं, झणझणीत पिठलं. नळीत पेज सोडताना मला माझ्याच पोटाची गुरगुर ऐकू यायची. वाटायचं, त्यांनाही ऐकू येत असेल.

संक्रांतीच्या आसपास माझी आई ताडकळसहून भेटायला आली. तिनं डबा आणला होता, तेलावर परतलेली वांगी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे. ओसरीत मामांशी दोन शब्द बोलली, त्यांच्याकडं बघून तिचे डोळे भरले. मग आत येऊन माझ्या हातात डबा देत म्हणाली, "आत्ताच खा बरं. गार व्हायच्या आत."

"इथं न्हाई आई."

"मग कुठं?"

पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. त्या ढिगाच्या मागं, भिंतीकडं तोंड करून मी बसले आणि खाल्लं. खाल्लं म्हणजे कोंबलं. हाताला तेल, तोंडाला तेल, अंगाला कापूस चिकटलेला. आई आत्याबाईंना बोलण्यात गुंतवून ठेवत होती. धपाट्याचा शेवटचा तुकडा तोंडात होता आणि मला कुणीतरी मागं उभं असल्याचं जाणवलं.

मामा होते. ऊन खायला बाहेर निघाले होते आणि वासानं वळले असणार. मला तोंडातला घास गिळता येईना, थुंकता येईना. ते माझ्याकडं पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते ओढलेल्या गालामुळं वाचताच येत नव्हतं. मग ते भिंतीला हात लावत परत गेले.

आई गेली. मी संध्याकाळी पेज घेऊन गेले तर त्यांनी हातानं नको म्हटलं. सकाळीही नको. आत्याबाईंनी विनवलं, ह्यांनी आवाज चढवला. मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. का, ते फक्त मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. माझ्या हावरेपणानं हा माणूस उपाशी राहिलाय. मी आत्याबाईंचे पाय धरले आणि कापसामागचं सगळं सांगून टाकलं.

त्या उठल्या. मामांकडं गेल्या. बराच वेळ त्यांचा तो मिसळलेला आवाज येत राहिला, वर चढलेला. आत्याबाई परत आल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या.

"तुझ्यावर न्हाई गं राग. आमच्यावर हाय. म्हनायलेत, पोटुशी पोर माझ्या घरात चोरून खायलीय? मी काय मेलो का आजून? चूल पेटवा म्हनायलेत."

"पण आत्याबाई, त्यांना वास..."

"मी बी त्येच म्हनले. तर म्हनले, वासाला नळी लागत न्हाई."

त्या दिवशी मामांनी बाज अंगणात घ्यायला लावली. बाहेरच्या चुलीवर पातेलं ठेवलं. मागच्या लग्नसराईतलं येसर डब्यात शिल्लक होतं, ते त्यांनी मागवून घेतलं, चिमूट नाकाशी धरली आणि मान हलवली, अजून चांगलं आहे. मग हातानं सांगत गेले. तेल आणखी. जिरं तडतडू दे. लसूण करपला की ते बोट नाचवायचे. पिठाच्या गुठळ्या आधी पाण्यात मोड. जाळ कमी. मी इतकी वर्षं स्वयंपाक करत होते, पण कुणी असं उभं राहून मला शिकवलं नव्हतं. आमटीला उकळी आली आणि त्यांचा तळहात सवयीनं पुढं आला. मी पळीतून थेंब टाकला. तो त्यांनी तोंडापर्यंत नेला आणि थांबले. मग तळहात टॉवेलाला पुसून माझ्याकडं बोट केलं.

मी चाखलं. ते भुवया उंचावून विचारत होते.

"मीठ कमी हाय, मामा."

त्यांनी बोटं चिमटीत धरून दाखवलं, किती. मी टाकलं, पुन्हा चाखलं. "आता बसलं."

ते माझ्याशी पहिल्यांदा एवढं बोलले ते असे. सगळ्यांनी त्यांच्यासमोर बसून जेवायचं, असा त्यांचा हट्ट होता. हे मान वर न करता जेवत होते. आत्याबाई घास नुसता चिवडत होत्या. मी मात्र जेवले. मला थांबता येत नव्हतं. पहिली वाटी संपली, मी दुसरी घेतली, आमटीत भाकरी कुस्करून बोटं चाटली. मामा बघत होते आणि खूश दिसत होते. नंतर ते उठून गोठ्याकडं गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले. गोठ्याच्या खांबाला टेकून ते उभे होते, टॉवेलाचा बोळा तोंडावर घट्ट दाबलेला, आणि टॉवेल लाळेनं पूर्ण भिजलेला. खांदे हलत होते. मी तशीच मागं फिरले.

त्यानंतर घरात फोडणी सुरू झाली. ती पुन्हा बंद करावी असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी पोटभर जेवायची. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सातव्या महिन्यात मला माहेरी नेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीतच. निघताना मी आत्याबाईंना सिरिंज कशी धरायची ते पुन्हा दाखवलं. त्यांचे हात तसेच थरथरत होते. मामांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. आत्याबाई म्हणाल्या, "फिकीर करू नको, नीट खा-पी म्हनायलेत."

ताडकळसला मी खाल्लं-प्यायलं. आई ऊन ऊन वाढायची, बाजाराच्या दिवशी बाबा आठवणीनं काहीबाही आणायचे. उन्हाळ्यात मुलगी झाली. फोनवर मी विचारायची, "मामा कसे हायेत?" हे म्हणायचे, "बरे हायेत." पहिल्यांदा पटकन म्हणायचे, नंतर थोडं थांबून म्हणायला लागले. त्या थांबण्याचा अर्थ मला कळत होता. पण पुढचा प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर मला जावं लागलं असतं, आणि मला तिथंच राहायचं होतं, तेल लावून घेत, डिंकाचे लाडू खात, लेकराच्या टाळूचा वास घेत.

सव्वा महिन्यानं सासरी आले तेव्हा दारातच दुसरा वास आला. गाठ मानेत पुन्हा उगवली होती आणि फुटली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, दुखणं कमी राहील असं बघू. मामा इतके वाळले होते की बाजेवर नुसतं अंथरूण असल्यासारखं वाटायचं. आत्याबाई दिवसातून कितीदा तरी जखम धुवायच्या, आणि त्यांचे हात आता थरथरत नव्हते. मी नसताना त्या शिकल्या होत्या.

मी मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि तिथंच राहिले. बाळंतीण म्हणून कुणी काही म्हणालं नाही. शेजारच्या बाया हळूच सांगायच्या, "लेकराला तिकडं नेऊ नको बाई, ती बिमारी वाईट." ती बिमारी अशी लागत नाही हे मला माहीत होतं. बारावी शिकलेली होते, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ह्यांना समजावून सांगितलं होतं, ह्यांनी मला. तरी मी नेलं नाही. रोज ठरवायची, उद्या नेते. मुलगी रडली की ओसरीतली खोकल्याची उबळ थांबायची. ते कान देऊन ऐकत असायचे. पण त्यांनी एकदाही मागितली नाही.

एका सकाळी आत्याबाई आत आल्या. "त्येंनी आंग पुसून घेतलंय. नवा टॉवेल मानंला बांधलाय. घेऊन ये म्हनायलेत, पर तुजी मर्जी असंल तर."

माझी मर्जी. मी मुलीला उचललं आणि गेले. मामा बाजेवर उशीला टेकून बसले होते, धुतलेला सदरा, मानेभोवती पांढरा कोरा टॉवेल, वर भरपूर अत्तर शिंपडलेलं. तेवढं बसायला त्यांना किती तकलीफ झाली असेल. मी मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, पण माझे हात तिच्याखालून काढले नाहीत. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या तळपायाला बोट लावलं, तिनं पाय झटकला. त्यांनी पुन्हा लावलं. मग स्वतःच तिला उचलून माझ्याकडं दिलं. मी मागायच्या आत.

मी म्हणाले, "राहू द्या की मामा अजून." त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं की मी ते नुसतं म्हणतेय.

त्याच श्रावणात ते गेले, पहाटे, आत्याबाई जखम धुवायला पाणी तापवत असताना. त्यांना न्यायला गाव लोटलं होतं. ज्यांनी त्यांच्या हातची आमटी प्यायली ती सगळी माणसं अंगणात उभी होती. घरात चूल पेटणार नव्हती. दुपारी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून दिला, आणि माझ्यासमोर ताट ठेवत म्हणाली, "तू खा, लेकराला दूध पायजे." मला वाटलं होतं घास उतरणार नाही. उतरला. सगळं ताट मी संपवलं. दारात आत्याबाई उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं.

पुढं कितीतरी दिवस मला वाटायचं, त्या कधीतरी ते बोलून दाखवतील. तुरीच्या खुरपणीला आम्ही दोघी रानात होतो, मुलगी बांधावरच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत झोपली होती, तेव्हा त्या अचानक म्हणाल्या, "एक सांगू का तुला?"

"सांगा की."

"संभाजीनगरला त्येंला आत कापायलते आन् मी भायेर बसून वडापाव खाल्ला. एक खाल्ला. मग आजून एक घेतला. पोरगं कागदं घेऊन इकडून तिकडं पळायलतं, त्यानं बगितलं न्हाई. कुनालाच म्हाईत न्हाई."

त्या खुरपं चालवत होत्या, माझ्याकडं पाहत नव्हत्या.

मी म्हणाले, "भूक लागली असंल, आत्याबाई."

"लागलीच होती. सकाळपसून काई न्हवतं पोटात." हातातलं तण बाजूला टाकत म्हणाल्या, "तुला वाटतंय का आजून, खाल्ल्याचं?"

"वाटतं."

"मला बी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सरीला लागल्या. मीही माझ्या सरीला लागले.